घरासाठी टेलिफोन घेताना पारख कशी करावी?

मोबाईल आल्यापासून घरातला टेलिफोन मागे पडला, हे खरे. तरीही ज्यांचा धंदा घरातून किंवा घराला लागून असलेल्या कारखान्यातून चालतो, अशा शिंपी, जरीकाम करणारे, यंत्रमागधारक व किरकोळ व्यापारी बांधवांना तो आजही उपयोगी पडतो. बिलबुकावर आणि पाटीवर वर्षानुवर्षे छापलेला नंबर तोच असतो. आपण बाजारात गेलो, तरी घरातील कोणीही ऑर्डर लिहून घेऊ शकते. म्हणून कच्च्या मालाची पारख जशी करतो, तशीच या यंत्राचीही करावी.

आम्ही स्वतः यात एकदा ठेच खाल्ली आहे. देखणा दिसला म्हणून कॉर्डलेस फोन घेतला. एके दिवशी दोन तास वीज नव्हती. त्याच वेळी एका जुन्या गिऱ्हाईकाने दोनदा फोन केला. त्याला तिकडे घंटी ऐकू येत होती, आमच्याकडे मात्र सारे शांत! त्याने माल दुसरीकडून उचलला. यंत्र वाईट नव्हते, आमची निवड चुकली होती.

आधी लाईन ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी आपली लाईन तांब्याच्या तारेची आहे की फायबरची, हे पाहावे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची सुमारे ४८ व्होल्ट वीज येते. साधा वायरचा फोन तेवढ्यावरच चालतो, म्हणून घरची वीज गेली तरी तो बंद पडत नाही. कॉर्डलेसच्या बैठकीला मात्र घरची वीज लागते.

फायबरचे तसे नाही. तेथे भिंतीवरच्या डब्यालाच वीज लागते. वीज गेली की साधा फोनही मुका होतो. अशांनी तो डबा इन्व्हर्टरवर घ्यावा, नाहीतर चांगल्या फोनचाही उपयोग नाही.

साधा की कॉर्डलेस?

एकच फोन घ्यायचा असेल, तर साधा वायरचा घ्यावा, असे आमचे मत आहे. घर मोठे असेल किंवा वयस्कर माणसांना उठणे अवघड जात असेल, तर कॉर्डलेस जरूर घ्यावा, पण त्याच्या जोडीला एक साधा फोन ठेवावा. खोक्यावर छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो. भिंती मध्ये आल्या की तो बराच कमी होतो. त्यात रिचार्ज होणारे सेल लागतात. ते नेहमीच्या मापाचे व बाजारात सहज मिळणारे आहेत ना, हे आधी पाहावे. त्यांच्या जागी साधे सेल घालू नयेत.

दुकानात काय तपासावे?

घंटीचा आवाज : लहान-मोठा करण्याचे बटण असावे. मागाच्या किंवा शिलाई मशीनच्या खडखडाटात मंद घंटी ऐकू येत नाही.

टोन व पल्स : यंत्राच्या तळाशी किंवा बाजूला हे बटण असते. ते टोनवर ठेवावे. बँकेला फोन लावल्यावर ‘१ दाबा, २ दाबा’ असे सांगतात, ते टोनवरच चालते.

नंबर दिसण्याची सोय : ही केवळ यंत्रात असून भागत नाही, लाईनवरही सुरू असावी लागते. नंबर पाठविण्याच्या एफएसके व डीटीएमएफ अशा दोन पद्धती आहेत. दोन्ही ओळखणारे यंत्र घ्यावे. पडद्यासाठी वेगळे सेल लागतात का, हेही विचारावे.

बटणे व हुक : प्रत्येक बटण दाबून पाहावे. रिसीव्हर आठ-दहा वेळा उचलून ठेवावा. हुक अडकत असेल, तर फोन ठेवूनही लाईन गुंतलेली राहते आणि येणारे फोन परत जातात.

आवाज : दुकानात लाईन असेल, तर आपल्याच मोबाईलवर फोन लावून दोन्हीकडचे बोलणे ऐकावे. खरखर किंवा प्रतिध्वनी आल्यास दुसरे यंत्र मागावे. मात्र घरी नेल्यावरच खरखर येत असेल आणि त्याच तांब्याच्या तारेवर इंटरनेटही असेल, तर दोष यंत्राचा नसून मधल्या फिल्टरचा असू शकतो.

बिल व वॉरंटी

दहा-वीस रुपये वाचविण्यासाठी बिनबिलाचा माल घेऊ नये. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुरुस्ती कोठे होते, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

दहा वैशिष्ट्यांचे महाग यंत्र सर्वांनाच लागते असे नाही. घंटी मोठी, आवाज स्वच्छ, हुक चांगला आणि वीज गेली तरी चालू राहण्याची व्यवस्था, एवढे साधले की फोन चांगला समजावा. गिऱ्हाईक हाक मारील तेव्हा आपल्या घरातून उत्तर गेले पाहिजे, त्यासाठीच तो घ्यायचा आहे.