मक्याची आई

मक्याचं कणीस तुमच्या ओळखीचं आहे. पण मका मूळचा आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतून जगभर गेला. तिथल्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षांपूर्वी तो पिकवला.

त्या रहिवाशांत अरिकारा नावाचे लोक आहेत. मिसुरी नदीच्या काठी त्यांची गावं होती. लाकूड-मातीची गोल घरं होती. शेती बायका करीत. गव्याच्या खांद्याच्या हाडाची कुदळ करून त्या जमीन खणत. मका, घेवडा, भोपळा पिकवीत.

अरिकारा लोक मक्याला आई म्हणतात. त्यांची जुनी गोष्ट अशी आहे :

फार पूर्वी माणसं जमिनीच्या पोटात अंधारात होती. वरच्या देवानं, नेशानूनं, एका कणसाची बाई केली आणि तिला खाली पाठवलं. बीळ करणाऱ्या प्राण्यांनी वाट खणली. आई माणसांना उजेडात घेऊन आली. पुढं वाटेत खोल दरी लागली, दाट रान लागलं, मोठं तळं लागलं. पाखरांनी वाट करून दिली. रानातली वाट घुबडानं केली. शेवटी आईनं माणसांना मका दिला आणि जगायची रीत शिकवली.

म्हणून गावाच्या पवित्र गाठोड्यात कणीस ठेवीत. सीडार नावाच्या झाडालाही ते आजी मानीत. ते झाड पूजेसाठी गावात उभं करीत. मग त्याला लेकरांची जुनी पायताणं बांधून नदीत सोडीत. नदी खाली जुन्या गावांकडं जाई. तिथल्या पूर्वजांना कळावं, की वंश चालू आहे.

या लोकांवर मोठी संकटं आली. १८३७ साली देवीच्या साथीत पुष्कळ माणसं दगावली. १८६२ साली उरलेले लोक मंडन आणि हिदात्सा या शेजाऱ्यांबरोबर राहू लागले. पुढं गॅरिसन धरणासाठी या तिघांची दीड लाख एकरांहून अधिक जमीन गेली. १९४८ साली करारावर सही होताना त्यांचे पुढारी जॉर्ज जिलेट रडले. १९५३ साली नदीचं पाणी अडलं. काठची काळी, कसदार शेतं बुडाली.

त्यांचे वंशज आज नॉर्थ डकोटा राज्यात राहतात. त्यांच्यातले काहीजण जुन्या मक्याचं बी अजून जपतात.

प्रश्न
१. अरिकारा लोक मक्याला आई का म्हणतात?
२. झाडाला लेकरांची पायताणं का बांधीत?
३. तुमच्या घरी कोणतं जुनं बी जपलं आहे? ते कोणी जपलं?