इसार देण्यापूर्वी : माहितीचा अधिकार आणि घरखरेदी

घर घेणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. बंगळूरुसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात सदनिका दाखविताना विक्रेता मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या छायाप्रती पुढे ठेवतो. कर्ज मंजूर करताना बँक कागदपत्रांची कायदेशीर छाननी करतेच. परंतु इसाराची रक्कम पुष्कळदा त्यापूर्वीच दिली गेलेली असते. त्याआधी मूळ अभिलेख पडताळून पाहण्याचा मार्ग माहितीच्या अधिकाराने खुला केला आहे.

गोव्याने १९९७, कर्नाटकने २००० व महाराष्ट्राने २००२ साली यासंबंधी कायदे केले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला. त्यानुसार नागरिकास सरकारी व महापालिका कार्यालयांतील अभिलेखांची पाहणी करता येते आणि प्रमाणित प्रती मिळविता येतात.

अर्ज मात्र नेमका हवा. ‘ही इमारत बेकायदा आहे काय?’ या प्रश्नावर मत देण्यास कार्यालय बांधील नाही. त्याऐवजी मालमत्तेचा क्रमांक देऊन ‘मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात, प्रमाणपत्र दिलेले नसल्यास तसे लेखी कळवावे’ असे लिहावे. कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा. शुल्क १० रुपये आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. मराठी भाषकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : बंगळूरुमध्ये अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत करावा लागतो.

उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. मुदतीत उत्तर न येणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नकारच होय. कलम ८ मधील अपवादांचा आधार घेऊन माहिती नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते. नकारानंतर ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील आणि तेथील निर्णयानंतर ९० दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

या अधिकाराने दुसऱ्याच्या बँकखात्याचा तपशील मात्र मिळत नाही. ग्राहकाची गोपनीयता जपणे हे बँकेचे कर्तव्यच आहे.

म्हणूनच घर पसंत पडताच अर्ज करावा व इसाराची घाई टाळावी. महिनाभराच्या प्रतीक्षेने आयुष्यभराची पुंजी सुरक्षित राहू शकते.