जुन्या फियाटचे पाटे कोणाकडे द्यावेत?

कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ साली संपली. आता ती हौसेने सांभाळली जाते. तिच्या पुढच्या स्प्रिंगा व मागचे पाटे जाणणारे कारागीरही कमी उरले. आम्ही एकदा स्वस्त दर पाहून गाडी दिली. नवे शॉकॲब्सॉर्बर बसले, पैसे गेले, खडखड मात्र तशीच! झिजलेले बुश कोणी पाहिलेच नव्हते. तेव्हा वाचकांनी प्रथम बघावे की, मिस्त्री चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहतो का. गाडीखाली न शिरता दर सांगणारा आम्हाला तरी नको. स्प्रिंग दाबून धरण्याचे साधन त्याच्याकडे हवेच. दाबलेली स्प्रिंग निसटली तर कारागिराच्या जिवावर बेतते. बदललेले जुने भाग मागून घ्यावेत, आणि चाकांचे अलाइनमेंट दरात धरले आहे का, हे आधीच विचारावे.