धातू आणि प्लास्टिक : माल घेण्यापूर्वी त्याचा स्वभाव ओळखा



कपड्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने लोखंड-प्लास्टिकवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. या विषयाकडे मी वळलो तो एका नुकसानीमुळे. काही वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या दुकानात लोखंडी मांडणी काढून प्लास्टिकच्या फळ्या बसविल्या. माल स्वस्त, हलका, गंजाची भीती नाही. विकणाऱ्याने फळीवर स्वतः उभे राहून दाखविले. आम्ही त्यावर थान रचले. हिवाळ्यात काही झाले नाही. उन्हाळा संपता संपता मात्र प्रत्येक फळीला मधोमध झोळ पडला आणि थान उतरविले तरी तो गेला नाही. विकणारा खोटे बोलला नव्हता. फळीने त्याचे वजन खरोखरच पेलले होते. पण तो उभा राहिला दोन मिनिटे आणि आमचे थान राहिले सहा महिने. लोखंडाला या दोन गोष्टी सारख्याच असतात, प्लास्टिकला नसतात. आजचा सगळा धडा एवढ्यातच आहे.

ताणाचे तीन टप्पे

कोणतीही वस्तू ओढली की ती थोडी लांबते. ओढ सोडल्यावर ती पूर्ववत झाली, तर तो पहिला टप्पा. उर्दूत याला आपण लचक म्हणतो, मराठी पुस्तकांत स्थितिस्थापकता. या टप्प्यात जितके वजन तितका ताण, हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली छापून प्रसिद्ध केला. वजन आणखी वाढविले की दुसरा टप्पा येतो. आता वस्तू लांबते ती कायमची, सोडल्यावर मागे येत नाही. तिसरा टप्पा तुटण्याचा.

काच, दगड, बीड यांना दुसरा टप्पा जवळजवळ नसतोच. ती पहिल्यातून थेट तिसऱ्यात जातात, म्हणून त्यांना ठिसूळ म्हणतात. तांबे, पितळ, मऊ लोखंड यांचा दुसरा टप्पा लांबलचक असतो. म्हणूनच त्यांचे पत्रे ठोकता येतात, तार ओढता येते.

धातू ठोकल्यावर कडक का होतो

धातूच्या आत कण रांगेने रचलेले असतात. रचनेत कुठे कुठे चूक राहते आणि धातू वाकतो तो या चुका सरकल्याने. मोठी जाजम पूर्ण ओढायला चार माणसे लागतात. पण तिच्या एका टोकाला घडी पाडून ती घडी पुढे सरकवत नेली, तर एकटा माणूसही जाजम हलवितो. धातूत असेच घडते, हे १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलानी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडले.

एकाच जाजमीत वेड्यावाकड्या शंभर घड्या पडल्या तर त्या एकमेकींत अडकतात आणि जाजम हलत नाही. ठोकलेला धातू कडक होतो तो यामुळे. लातूर एकेकाळी पितळी भांड्यांसाठी नावाजलेले होते. तिथल्या जुन्या कारागिराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. काही वेळ ठोकल्यावर भांडे ‘बोलू’ लागते, आवाज बदलतो. तेव्हा ते भट्टीत मंद लाल करायचे, म्हणजे घड्या सुटतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. हे न करता ठोकत राहिले की काठाला चीर पडते. बांधकामावरची काळी बांधणीची तार मऊ असते तीही अशी तापवून घेतल्यामुळेच.

नव्या शागिर्दांनी एक फरक ध्यानात ठेवावा. तांबे-पितळ लाल करून पाण्यात बुडविले तरी मऊच राहते. छिन्नीचे किंवा अडकित्त्याच्या पात्याचे पोलाद मात्र तसे बुडविले की कडक आणि ठिसूळ होते. एकाची रीत दुसऱ्याला लावू नये.

वाकणारा माल जीव वाचवितो

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे दगावली. बहुतेक घरे जाड दगडी भिंतींची, मातीत बांधलेली, वर मातीचे जड छत. दगड दाबाला पक्का असतो, ताणाला कच्चा. शिवाय दगडाला दगडाशी बांधून ठेवणारे काही नव्हते. भिंतींनी इशारा दिला नाही, त्या सरळ कोसळल्या.

सळईचा उपयोग इथे कळतो. सिमेंट-काँक्रीटही ठिसूळच, पण आतली सळई लांबते, वाकते आणि माणसाला बाहेर पडायला वेळ देते. सळईवर ‘एफई ५००’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ प्रत्येक चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो वजनापर्यंत ती कायमची लांबत नाही. पण केवळ हा आकडा पाहून माल घेऊ नये. भारतीय मानक आयएस १७८६ प्रमाणे चाचणीत ही सळई तुटण्यापूर्वी निदान १२ टक्के लांबली पाहिजे. ‘एफई ५०० डी’ असेल तर १६ टक्के. ताकद दोन्हींची तीच, फरक आहे वाकण्याच्या गुणात. भूकंपाच्या मुलखात घर बांधणाऱ्याने या ‘डी’साठी थोडे जास्त मोजावे, आणि विकणाऱ्याने तो गिऱ्हाइकाला समजावून सांगावा.

प्लास्टिकचा हिशेब वेगळा

प्लास्टिकमध्ये रांगा नसून लांबच लांब साखळ्या असतात, सुताच्या गुंत्यासारख्या. आम्हा कापडवाल्यांना हा प्रकार परका नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टर हे असेच साखळ्यांचे पदार्थ आहेत, आणि अल्लाहने निर्माण केलेला कापूसही तसाच आहे. गुंत्याला वजन लटकविले की साखळ्या एकमेकींवरून हळूहळू घसरत राहतात. वजन वाढले नाही तरी लांबी वाढत जाते. पुस्तकात याला विसर्पण म्हणतात. आमच्या फळ्यांना झाले ते हेच.

मालावरचे आकडेही हेच सांगतात. पाण्याच्या काळ्या पाइपवर ‘पीई १००’ लिहिलेले असते. त्याचा अर्थ, २० अंश उष्णतेत ५० वर्षे सतत दाब राहिला तर हा माल प्रत्येक चौरस मिलिमीटरला १० न्यूटन सोसेल. हाच माल थोडा वेळ ओढून पाहिला तर त्याच्या दुपटीहून जास्त सोसतो. सळईच्या आकड्यात ना वेळ आहे ना उष्णता. प्लास्टिकच्या आकड्यात दोन्ही आहेत, आणि ते वजा केले तर आकड्याला अर्थ उरत नाही.

आता उष्णतेचे पाहू. पुस्तके ‘खोलीचे तापमान’ म्हणतात ते २०-२५ अंशांचे. नांदेड-लातूरला मे महिन्यात दुपारी ४२ अंश होतात, आणि पत्र्याखालचे गोदाम त्याहून तापते. लोखंड १५३८ अंशांवर वितळते, त्याला ४२ अंश म्हणजे काहीच नाही. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच नरम पडते. आपल्या पीव्हीसी पाइपवरचा दाबाचा आकडा २७ अंशांसाठी धरलेला असतो. त्यापेक्षा गरम जागी तेवढा दाब देऊ नये.

असा स्वभाव असणारे धातूही आहेत. कलईचे कथील २३२ अंशांवर वितळते, शिसे ३२७ अंशांवर. त्यामुळे आपल्या रोजच्या हवेतही वजनाखाली ते हळूहळू सरकतात. पत्रेकाम करणाऱ्यांनी जोड आधी घडी घालून किंवा रिवेट मारून पक्का करावा आणि सोल्डर फक्त गळती बंद करण्यासाठी लावावे. वजन सोल्डरवर टाकू नये.

दुकानात करण्याजोग्या चाचण्या

१. सळईचा तुकडा थंडच वाकवून पाहा. बाहेरच्या बाजूला चीर दिसली तर माल परत करा.

२. प्लास्टिकची फळी, खुंटी, दोरी दोन मिनिटांत पारखू नका. खरे वजन ठेवून आठवडाभर थांबा, शक्यतो उन्हाळ्यात. वजन काढल्यावर किती मागे येते ते पाहा.

३. कायमच्या वजनासाठी प्लास्टिकवर त्याच्या एकदम पेलण्याच्या ताकदीच्या निम्म्याच्या खूप आतच भार टाका, किंवा मध्ये आणखी एक टेकू द्या.

४. उघड्यावर काळा माल घ्या. काजळीमुळे ऊन आत शिरत नाही. पांढरी-रंगीत सुतळी उन्हात लवकर भुगा होते.

५. ओला होणारा माल ओला करून ओढा. सुती धागा भिजल्यावर आणखी मजबूत होतो, रेयॉन कमजोर पडतो.

आम्ही फळ्या फेकल्या नाहीत. प्रत्येकीखाली मधोमध लोखंडी अँगल दिला, आणि त्याच फळ्या आजही उभ्या आहेत. प्लास्टिक वाईट नाही, लोखंड महाग म्हणून टाकाऊ नाही. दोघांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे काम दिले पाहिजे.

शेवटी एक गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओला माल वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आजच्या मालातली ओल अशी हाताला लागत नाही. ती सहा महिन्यांनी, मे महिन्याच्या उन्हात बाहेर येते. ज्याला ती आधीच ठाऊक आहे, त्याने विकतानाच सांगावी. बरकत त्यातच आहे.