रात्री दारं धरताना कोणता टॉर्च?

प्रश्न : शेतीपंपाची वीज रात्री येते, त्यामुळे दारं धरायला अंधारात जावं लागतं. खिशात मावणारा छोटा टॉर्च पुरेल का?

उत्तर : पुरेल, पण पारखून घ्या. छोट्या टॉर्चचा मोठा गुण म्हणजे तो खिशातच असल्याने घरी विसरला जात नाही. बांधावर पावलापुढचा साप दिसायला १०० ते २०० ल्युमेनचा पसरट झोत पुरतो. खोक्यावरच्या १००० ल्युमेनला भुलू नका. लहान टॉर्चमधली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, म्हणून पूर्ण प्रकाशावर तो काही मिनिटांत तापतो. चांगला टॉर्च अशा वेळी आपोआप मंद होतो. किती तास चालतो हे मध्यम प्रकाशावरच्या आकड्यावरून ठरवा.

१८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल रात्रभर साथ देऊ शकतो, पण चार्जिंगला वीज हवी. एए सेलचा टॉर्च उजेड कमी देतो, मात्र तो सेल गावच्या दुकानातही मिळतो. वेष्टन फाटलेला लिथियम सेल कधीही वापरू नका.

पाण्यापासून बचावाचा दर्जाही पाहा. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. पाटात पडला तरी चालावा यासाठी आयपीएक्स-७ घ्या. तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो.

तरी छोट्या टॉर्चच्या दोन उणिवा राहतात. झोत लांब जात नाही आणि फावडं चालवताना एक हात अडकतो. दोन्ही हात मोकळे हवेत, तर डोक्याला बांधायचा टॉर्च अधिक सोयीचा. टॉर्च कोणताही असो, गमबूट घातल्याशिवाय रानात उतरू नका.