अवजड भार आणि रस्त्याचा परवाना

रात्र झाली की दिल्लीच्या सीमेवर मालमोटारींच्या रांगा लागतात. दिवसाच्या ठरावीक तासांत अवजड वाहनांना शहरातील रस्त्यांवर प्रवेश नसतो. त्यामुळे प्रवेशाची वेळ होईपर्यंत चालकांना थांबावे लागते. अशा एखाद्या रांगेत दोन वाहने एकामागे एक उभी आहेत, अशी कल्पना करावी. पहिला ट्रक वाळूने भरलेला आहे आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या मर्यादेपेक्षा त्याचे वजन १० टनांनी अधिक आहे. दुसरे वाहन म्हणजे कित्येक चाकांचा एक लांबलचक ट्रेलर असून त्यावर वीजकेंद्रासाठी चाललेले एक प्रचंड रोहित्र आहे. ट्रेलरसह त्याचे वजन शंभर टनांहून अधिक भरते. पाहणाऱ्याला वाटेल की रस्त्याला खरा धोका दुसऱ्या वाहनापासून आहे. कायद्याचा निर्णय मात्र उलट आहे. वाळूच्या ट्रकला जादा माल उतरविल्यावाचून तसूभरही पुढे जाता येत नाही. रोहित्राच्या ट्रेलरला, त्याच्यापाशी योग्य परवाने असल्यास, जाता येते. हा भेद का केला जातो, हे समजले की अवजड वाहतुकीच्या नियमांचे मर्म ध्यानात येते.

भार रस्त्यावर कसा पडतो

वाहनाचे वजन रस्त्याला एकवटून जाणवत नाही. ते चाकांना जोडणाऱ्या आसांवर वाटले जाते आणि प्रत्येक आस आपल्या वाट्याचे वजन चाकांमार्फत रस्त्यावर टाकतो. म्हणून रस्त्याच्या झिजेचा हिशेब करताना वाहनाच्या एकूण वजनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व एका आसावरील वजनाला दिले जाते.

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक सतत फिरविण्यात आले आणि रस्ते कसे खचतात याची नोंद ठेवण्यात आली. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, आसावरील वजन वाढते त्याच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्त्याची हानी वाढते. वजन दुप्पट झाले तर हानी दुप्पट होत नाही. ती सोळापट होते. एखादा ट्रक मालकाचा एक फेरा वाचवितो, तेव्हा त्या बचतीची किंमत रस्ता किती मोठ्या पटीने मोजतो, हे यावरून दिसून येईल.

भारतात आसांवरील सुरक्षित वजनाच्या मर्यादा केंद्र सरकार ठरविते. जुलै २०१८ मध्ये त्या वाढविण्यात आल्या. चार टायर असलेल्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली; जोड आसांची १९ टनांवरून २१ टनांवर गेली. वाढ वरकरणी बेताची वाटते. पण चौथ्या घाताचा नियम लावून पाहिला, तर पहिल्या प्रकारच्या आसावर सुमारे १३ टक्के अधिक वजन म्हणजे सुमारे ६० टक्के अधिक झीज, असे उत्तर येते. अर्थात, प्रत्येक फेरीत अधिक माल गेल्याने फेऱ्या कमी होतात आणि इंधनही वाचते. ही दुसरी बाजूही विसरता येत नाही. वजनाची मर्यादा ठरविणे म्हणजे मालवाहतुकीचा खर्च आणि रस्त्याचा खर्च यांचा मेळ घालणे होय.

वजनाप्रमाणे आकारालाही मर्यादा आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असावी लागते. सर्वसाधारण मालवाहू वाहनाच्या उंचीची मर्यादा पूर्वी ३.८ मीटर होती, ती २०२० मध्ये ४ मीटर झाली. माल वाहनाच्या बाजूंना, पुढे किंवा मागे बाहेर आलेला चालत नाही. लोखंडी सळ्या मागे एक मीटरपर्यंत बाहेर ठेवण्याची मुभा पूर्वी होती. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्या वाहनांतील माणसांचा त्या सळ्यांनी बळी घेतल्याच्या घटना वारंवार घडल्या, तेव्हा २०१४ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली.

दंड म्हणजे परवाना नव्हे

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ११३ व्या कलमाने नोंदलेल्या वजनापेक्षा अधिक वजन घेऊन वाहन चालविण्यास मनाई केली आहे. वाहन काट्यावर नेऊन तोलण्याचा आणि जादा माल उतरवून घेण्याचा अधिकार ११४ व्या कलमाने दिला आहे, आणि शिक्षा १९४ व्या कलमात सांगितली आहे. सप्टेंबर २०१९ पर्यंत ही शिक्षा किमान २,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे १,००० रुपये अशी होती. त्यानंतर ती २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी झाली. वर कल्पिलेल्या वाळूच्या ट्रकला पूर्वी १२,००० रुपये पडले असते, ते आता ४०,००० रुपये पडतील. वजन करून देण्यास नकार देणाऱ्या चालकालाही तितकाच, म्हणजे ४०,००० रुपये, दंड सांगितला आहे.

परंतु दंडाची रक्कम हा या नियमाचा गाभा नव्हे. एकेकाळी काही राज्यांत ठरावीक रक्कम भरणाऱ्या वाहनांना जादा भारासह पुढे जाऊ देण्याची पद्धत रूढ झाली होती. राज्याला महसूल मिळे, वाहतूकदाराला मोकळीक मिळे आणि झीज तेवढी रस्त्याच्या वाट्याला येई. परमजीत भसीन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २००५ रोजी या पद्धतीला आळा घातला. तडजोडीचे शुल्क भरल्याने जादा भार वाहून नेण्याचा हक्क मिळत नाही. जादा माल उतरविलाच पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हेच तत्त्व कायद्याच्या शब्दांत आणले: जादा भार उतरविल्याखेरीज वाहनाला हलू देऊ नये.

या कलमांतील आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. शिक्षा केवळ वाहन चालविणाऱ्याला नाही. चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही ती सांगितली आहे. चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा आज्ञेने घडला असे न्यायालयाला गृहीत धरता येते. ट्रक किती भरायचा हे बहुधा चालक ठरवीत नाही. नाक्यावर अडविला जातो मात्र तोच. जो वाहतूकदार नियमाप्रमाणे माल भरतो, त्याचे प्रत्येक टनामागील भाडे जादा भरणाऱ्यापेक्षा महाग पडते आणि धंदा दुसऱ्याकडे जातो. म्हणून नियम सर्वांना सारखा लागू होणे हे प्रामाणिक माणसाच्या पोटाशी निगडित आहे.

जे तोडता येत नाही ते

वाळू दोन ट्रकांत विभागता येते. रोहित्र विभागता येत नाही. अविभाज्य भार ही कल्पना येथून येते. विशेष परवाना अशाच भारासाठी असतो. रोहित्रे, कारखान्यांच्या टाक्या, पवनचक्क्यांची पाती, पुलांच्या तुळया, आगगाड्यांचे डबे या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. वाहतूक व्यवसायात असा माल ‘ओडीसी’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखला जातो.

असा अतिजड भार हायड्रॉलिक ट्रेलरवर ठेवतात. आसांच्या रांगा एकमेकींना जोडून हा ट्रेलर हवा तेवढा लांब करता येतो आणि द्रवाच्या दाबाच्या साहाय्याने सर्व आसांवर वजन सारखे वाटले जाते. म्हणूनच शंभर टनांचा ट्रेलर रस्त्याच्या पृष्ठभागाला जादा भरलेल्या ट्रकपेक्षा कमी जाचक ठरू शकतो. पुलाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रस्त्याखाली जमीन असते. पुलाखाली मोकळी जागा असते, आणि ट्रेलरचे बहुतेक सारे वजन एकाच वेळी एका गाळ्यावर येऊ शकते.

पुलांनी किती भार पेलावा याचे मानदंड इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरविते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. या संस्थेच्या मानदंडांत ३८५ टनांच्या एका विशेष वाहनाचाही विचार केलेला आहे. त्याच्यासाठी घातलेल्या अटी बोलक्या आहेत. ते पुलावर असताना दुसरे एकही वाहन पुलावर असता कामा नये. त्याची गती ताशी ५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावी. ते रस्त्याच्या मध्यरेषेवरून चालावे आणि ३०० मिलिमीटरपेक्षा अधिक बाजूला सरकू नये. प्रत्येक अटीमागे पुलाच्या तुळईवर येणाऱ्या ताणाचा हिशेब आहे.

हिशेब चुकला, किंवा कोणी केलाच नाही, तर काय होते याचे उदाहरण जून २०२० मध्ये उत्तराखंडातील मुनस्यारीजवळ घडले. उत्खनन यंत्र वाहून नेणारे एक वाहन ओढ्यावरील लोखंडी बेली पुलावर चढले आणि पूल वाहनासह खाली कोसळला. तो रस्ता चीनच्या सीमेकडे जाणारा होता. सीमा रस्ते संघटनेने थोड्याच दिवसांत नवा पूल उभा केला. तरी तोवर पलीकडच्या गावांची वाट तुटली होती.

एक महानगर, अनेक सरकारे

परवाना कोणाकडे मागावयाचा, हा प्रश्न दिल्लीच्या परिसरात विशेष जटिल होतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या सूचीत आहेत, इतर रस्ते व पूल राज्यांच्या सूचीत आहेत आणि यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत आहेत. १९८५ च्या कायद्याने आखलेल्या राष्ट्रीय राजधानी प्रदेशात दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांचे जिल्हे येतात. उत्तर प्रदेशातील दादरीहून हरियाणातील मानेसरला जाणारा भार दिल्लीतून नेला, तर अल्प अंतरात तीन प्रशासनांची हद्द ओलांडतो. त्यात पुन्हा राष्ट्रीय महामार्गाचे पूल एका यंत्रणेचे, राज्याचे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, शहरातील काही रस्ते महापालिकेचे, वेळेची मुभा वाहतूक पोलिसांच्या हाती, विजेच्या तारा वीज कंपनीच्या आणि फाटक रेल्वेचे. या साखळीतील एकाची संमती दुसऱ्याच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

दिल्लीत ज्यांचे काही काम नाही अशा मालमोटारींनी शहरात शिरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच बजावले होते. परंतु वळसा घालण्यास पुरेसा रस्ता नव्हता. तो २०१८ मध्ये पूर्ण झाला. मे महिन्यात पूर्वेकडील आणि नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडील, प्रत्येकी सुमारे १३५ किलोमीटर लांबीचे दोन द्रुतगती मार्ग कुंडली व पलवल येथे एकमेकांना मिळून दिल्लीभोवती कडे तयार झाले. पूर्वेकडील मार्गाच्या प्रवेशद्वारांवर वाहन चालत असतानाच त्याचे वजन घेणारे काटे बसविले आहेत. जादा भाराला दारातच अडविणे हे मार्गावर पकडण्यापेक्षा सोपे असते.

या परिसरातील अविभाज्य भाराचे एक उत्तम उदाहरण जून २०२२ मधले आहे. दिल्ली-मेरठ जलद रेल्वेच्या पहिल्या गाडीचे डबे गुजरातमधील सावली येथील कारखान्यातून गाझियाबादजवळील दुहाईच्या आगारापर्यंत ट्रेलरवरून रस्त्याने आणण्यात आले. अशा डब्याची लांबी सुमारे २२ मीटर आणि रुंदी तीन मीटरांहून अधिक असते. म्हणजे केवळ रुंदीनेच तो सामान्य मर्यादेबाहेर जातो. रुळांवर धावण्यासाठी जन्मलेल्या डब्याला आपल्या रुळांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी राज्याराज्यांचे रस्ते पार करावे लागले.

याहून खडतर प्रवास महाराष्ट्रातून निघालेल्या एका यंत्राचा झाला. तिरुवनंतपुरम येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी तयार केलेले सुमारे ७० टन वजनाचे आणि ७.५ मीटर उंचीचे ऑटोक्लेव्ह ७४ चाकांच्या वाहनावरून जुलै २०१९ मध्ये निघाले आणि जुलै २०२० मध्ये पोहोचले. वाटेत कोठे झाडे छाटावी लागली, कोठे विजेच्या तारा हलवाव्या लागल्या, कोठे रस्ता दुरुस्त करावा लागला. त्यात टाळेबंदीही आली. सामान्य ट्रक जे अंतर आठवड्याच्या आत कापतो, त्याला एक वर्ष लागले.

अन्य देशांतही ही अडचण नाही असे नव्हे. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांवर वाहनाच्या एकूण वजनाची सामान्य मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन, आहे. पण अविभाज्य भाराचा विशेष परवाना तेथेही प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते. भारतात राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अर्ज व मंजुरीची संगणकीय सोय केली आहे. त्यामुळे खेटे कमी होतात, परंतु पुलाची तपासणी टळत नाही आणि टळूही नये.

परवान्याला केवळ सरकारी कागद समजून त्याचा कंटाळा करणारे लोक आहेत, आणि पैसे भरून मिळणारी सूट समजणारेही आहेत. वास्तविक तो मार्गावरील सर्वांत दुबळ्या पुलाला आधी विचारलेला प्रश्न आहे. वाळूचा ट्रक हा प्रश्न न विचारताच पुलावर चढतो. रोहित्राचा ट्रेलर उत्तर मिळेपर्यंत सीमेवर थांबतो, आणि ते मिळाल्यावर मध्यरात्री, रिकाम्या पुलाच्या मध्यरेषेवरून, माणसाच्या पावलाच्या गतीने पलीकडे जातो. सकाळी त्याच पुलावरून कामाला जाणाऱ्या शेकडो माणसांना रात्री तेथून काय गेले याची कल्पनाही नसते. त्यांचा पूल मात्र जागेवर असतो.