पावसाळ्यात मिटलेल्या खिडक्या आणि क्षय

मृग लागला की रत्नागिरीत घरांच्या खिडक्या मिटतात, त्या बहुतेक ठिकाणी आश्विन पौर्णिमेपर्यंत नीट उघडत नाहीत. या काळात इथे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंतींना ओल येते, कपाटामागे काळी बुरशी धरते, चादरींना कुबट वास लागतो. म्हणून आपण खिडकी लावून घेतो. पण ओल आणि श्वासातून पसरणारे जंतू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्याला पोसतो.

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिशय बारीक कण बाहेर पडतात. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. फिनेलने लादी पुसून त्यांचे काही होत नाही. अगरबत्ती-कापरानेही नाही, उलट धुराने दमेकऱ्याचा त्रास वाढतो. छताचा पंखा हवा फिरवतो, बाहेर घालवत नाही. भिंतीवरचा एसीही बहुधा तीच हवा गार करून परत देतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला. तो हवेतूनच जातो याचा पक्का पुरावा मात्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिळाला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रिचर्ड रायली आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्णांशी दुसरा कोणताही संबंध नसताना त्या प्राण्यांना क्षय झाला. ज्यांच्याकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले होते, ते वाचले.

आपल्याकडचा दाखला मुंबईचा, म्हणजे कोकणातल्या वाडीवाडीला घरचाच. गोवंडी-मानखुर्द भागातल्या तीन पुनर्वसन वसाहतींच्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे इमारती एकमेकींना खेटून आहेत, खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. तिथे क्षयाचे रुग्ण बरेच जास्त आढळले. अधिक मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीत ते पुष्कळ कमी होते. विस्थापितांना घर देताना चौरस फूट मोजले, वारा कोणी मोजला नाही.

वारा मोजता येतो. जंतू थेट मोजायला प्रयोगशाळा लागते, पण कार्बन डायऑक्साइड छोट्या यंत्रावर लगेच दिसतो. बाहेरच्या हवेत तो दहा लाख भागांत सुमारे ४२०, तर आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,००० असतो. गर्दीच्या खोलीत आकडा २,००० झाला, तर तुमच्या दर पंचवीस श्वासांतला एक दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेला आहे असे समजा. तो १,००० च्या आत राहावा. वर्षावासात ग्रंथवाचनाला पन्नास माणसे जमतात त्या विहारासाठी किंवा शिकवणी वर्गासाठी असे एक यंत्र वर्गणीतून घेण्यासारखे आहे. ते नसेल तर बाहेरून आत येताना कोंदट वाटते का, हे पाहावे. आत बसलेल्याला ते कळत नाही.

पाऊस ज्या बाजूने झोडपतो ती खिडकी लावा, तिच्या समोरची आणि दार उघडे ठेवा. हवेला आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते.

यामुळे ओल कमी होणार नाही, कारण जुलैत बाहेरची हवाच दमट असते. ओलीसाठी गळती बुजवावी, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावे, झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत, उघडीप मिळताच अंथरुणे उन्हात टाकावीत. बुरशी साबणाच्या पाण्याने, तोंडाला फडके बांधून पुसावी. दोन्हींत एकच जमणार असेल, तर मी ओल पत्करून खिडकी उघडी ठेवीन.

दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना पोषणासाठी दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात. योग्य औषधे सुरू झाली की बहुतेक रुग्णांपासून लागण होण्याचा धोका काही आठवड्यांत खूप कमी होतो. तोवर लोक काय म्हणतील या भीतीने रुग्णाला आतल्या बिनखिडकीच्या खोलीत ठेवू नका. त्याचे अंथरूण पडवीत घाला, आणि घरातल्या मुलांचीही तपासणी करून घ्या.